वहीत खोचलेले बिल

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सीताबर्डीच्या पेढ्यांवर नव्या वह्यांना हळदकुंकू वाहतात. जुन्या वहीत मात्र महापालिकेच्या मालमत्ता कराचे बिल खोचलेले असते! हा कर गल्ल्यावर नव्हे, जागेवर बसतो; विक्री घटली म्हणून तो घटत नाही. थकला, की महिन्याला २ टक्के शास्ती. पुढे अभय योजना निघते नि थकविणाऱ्याला शास्तीत सूट मिळते. वेळेवर भरणाऱ्या बापड्याच्या वाट्याला त्यातले काहीच नाही. मुंबईत २०२२ साली ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा कर माफ झाला. तेवढ्याच दुकानाचा नाही. लहान दुकानांसाठीही अशी मर्यादा का नसावी? दुकानदार दिवाळीची पोस्त मागत नाही हो, न्याय मागतो.