उचल लिहिता, मग नेमणूक का नाही?

सोलापुरात एक मत मोठ्या हिरिरीने मांडलं जातं. पाच-पंधरा माणसांच्या कारखान्यात नेमणूकपत्र कशाला? इथे मालक आणि कामगार घरच्यासारखे असतात, कागद आला की वकील येतो आणि नातं तुटतं. शिवाय यंत्रमागावर मजुरी नगावर, कामगार आज या शेडमध्ये, उद्या त्या. पत्रात लिहायचं तरी काय? यातला एकही मुद्दा टिकणारा नाही, आणि ‘घरच्यासारखे’ हा तर कामगाराचा हक्क बुडवणारा मुद्दा आहे.

कारण कागदाचं या धंद्याला वावडं कधीच नव्हतं. अक्कलकोट रोडची एमआयडीसी असो की साखर पेठेतली घरामागची शेड, कामगाराने मुलीच्या लग्नाला किंवा आजारपणाला घेतलेली उचल वहीत नेमकी सापडते: तारीख, रक्कम, खाली सही नाहीतर अंगठा, आणि आठवड्याच्या पगारातून कितीदा किती कापले त्याची ओळ. सुताच्या गाठी बिलाशिवाय उतरत नाहीत. सख्ख्या भावांतही वाटणीपत्र होतं. म्हणजे कामगाराचं देणं लिहून ठेवायचं आणि मालकाचं देणं तेवढं विश्वासावर सोडायचं, असा हा व्यवहार आहे. हे देणं किती, तेही पाहा. दहा किंवा अधिक माणसांच्या ठिकाणी पाच वर्षं सलग काम केलेल्याला ग्रॅच्युइटी देण्याचा नियम १९७२ पासूनचा आहे. महिना १५,००० रुपये घेणारा कामगार दहा वर्षांनी काम सोडतो तेव्हा १५ दिवसांची मजुरी, २६ ने भागून, दहा वर्षांची, असा हिशोब ८६,५०० रुपयांच्या वर जातो. पण तो रुजू कधी झाला, हे सांगणार कोण? कामावरून काढलेल्या माणसाने वर्षात २४० दिवस काम केल्याचा पुरावा त्यानेच द्यायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली म्हटलं आहे. साक्षीला उभा राहू शकेल तो शेजारच्या मागावरचा सोबती, आणि तो अजून त्याच मालकाच्या शेडमध्ये कामाला आहे. त्याने स्वतःच्याच पोटावर पाय देऊन बोलावं, ही अपेक्षाच निर्दय आहे.

मजुरी नगावर असेल तर नगाचा दर लिहावा. कामगार टिकत नाही म्हणता, तर नोटिशीची मुदत लिहावी. न सांगता माग सोडून जाणाऱ्यापुढे तोच मालकाचाही आधार. इंग्रजी कळत नसेल तर मराठीत लिहावं, तेलुगूत लिहावं. राहिला ‘धंदा बुडेल’ हा आक्रोश. भविष्य निर्वाह निधीच्या वादातही तो ऐकला, आणि तो फार जुना आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुटी मिळाली; त्या सुटीने गिरण्या बुडाल्या नाहीत. आमच्या गिरण्या बंद पडल्या त्याची कारणं वेगळी होती, कामगारांच्या हातातला कागद हे त्यातलं एकही नव्हतं.

आता तर चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत, आणि दहा किंवा अधिक कामगार असतील तिथे प्रत्येकाला नेमणूकपत्र देणं सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेने बंधनकारक केलं आहे. जुन्या कामगारांसाठी तीन महिन्यांची मुदत होती. एका छपराखाली तीन नावांच्या पाट्या लावून दहाचा आकडा चुकवता येतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझा आग्रह मुद्दाम त्या नऊ माणसांच्या शेडसाठी आहे, जिथे या कलमाचा हात पोचत नाही. तिथे अर्धं पान पुरे: नाव, रुजू झाल्याची तारीख, काम कोणतं, मागवाला की कांडी भरणारी, मजुरीचा दर, पगाराचा वार, सुटी, नोटीस. उचल घेतली असेल तर तीही त्याच पानावर. दोन प्रती, दोन्हींवर दोघांच्या सह्या, आणि एक प्रत त्याच दिवशी कामगाराच्या हातात.