दहशतवादी कोण, हे पडदा ठरवणार काय?

अंबरनाथच्या बुवापाड्यापासून उल्हासनगरच्या कॅम्पांपर्यंत आमचा कष्टकरी माणूस दिवसभर राबून घरी येतो आणि टीव्हीसमोर बसतो. त्याला थोडी हाणामारी हवी असते, थोडे हसू हवे असते. त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती या दोहोंच्या आड त्याच्या गळी काय उतरवले जाते, याबद्दल.

रोहित शेट्टीचा २०२१ सालचा 'सूर्यवंशी' घ्या. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतून उरलेले आरडीएक्स शोधणारा पोलीस अधिकारी हा त्याचा नायक. तो सहकाऱ्यांची नावे विसरतो, प्रेक्षक खो खो हसतो. त्याच दमात हा अधिकारी मुसलमानांतले चांगले कोण आणि वाईट कोण, याचे प्रमाणपत्र वाटत सुटतो. हे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? अशा बहुतेक चित्रपटांत पुरावा, वकील, न्यायालय म्हणजे नायकाच्या वाटेतली अडगळ! हसणारा माणूस प्रश्न विचारत नाही, हे प्रस्थापितांना पक्के ठाऊक आहे.

'प्रेक्षकांना हेच लागते' ही सबब खोटी आहे. फराह खानच्या 'मैं हूँ ना'मध्ये (२००४) दहशतवादी होता भारतीय लष्करातून हाकललेला राघवन, भारत-पाक मैत्रीचा वैरी. लोकांनी तो चित्रपट डोक्यावर घेतला. 'तेरे बिन लादेन'ने (२०१०) तर तोतया लादेन उभा करून दाखवला, की दहशतवादी बनवताही येतो!

आंबेडकरी समाजाचा याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो याच टापूतला आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. समाज रस्त्यावर उतरला, तेव्हा तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांना आंदोलनामागे नक्षलवादी दिसले. ३० नोव्हेंबरला कानपूरमधील बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेने संताप उसळला आणि उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीनचे डबे जळाले. जाळपोळीचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु जळालेले डबे एका दिवसात देशभर दिसले, खैरलांजीची चार प्रेते मात्र प्रसारमाध्यमांना कित्येक आठवडे दिसली नाहीत. गावाने जमून एका कुटुंबाला संपवणे ही दहशत नव्हे काय? तिला त्या नावाने कोणी हाक मारली नाही.

शिक्का एकदा तयार झाला की तो कोणाच्याही कपाळी बसतो. मालेगावच्या २००६ च्या स्फोटांत नऊ मुस्लिम तरुणांना गोवले गेले; न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले ते २०१६ मध्ये. 'विद्रोही'चे संपादक सुधीर ढवळे यांना जानेवारी २०११ मध्ये यूएपीएखाली अटक झाली. २०१४ मध्ये ते निर्दोष सुटले, तोवर चाळीस महिने तुरुंगात गेले होते. २०१८ मध्ये भीमा-कोरेगाव प्रकरणात त्यांना पुन्हा पकडले, ते जामिनावर बाहेर आले २०२५ मध्ये. पडद्यावरचा खटला अडीच तासांत निकाली निघतो. वस्तीतल्या माणसाचे आयुष्य त्यात खर्ची पडते.

बॉम्ब ठेवणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, मग तो कोणत्याही धर्माचा असो. पण तो कोण, हे पुराव्याने ठरले पाहिजे, दाढी-टोपीने किंवा निळ्या झेंड्याने नव्हे. अटकेचे कारण सांगा, वकील करू द्या, चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करा, असे संविधानाचे कलम २२ बजावते. हे संरक्षण बाबासाहेबांनी ज्यांच्यासाठी जपले, त्यांचीच मुले आज कायदा तुडवणाऱ्या फौजदाराला टाळ्या देत असतील, तर घात कोणाचा होणार?

चित्रपट जरूर पाहा. पण घरी परतताना मुलांना विचारा, त्या माणसाविरुद्ध पुरावा काय होता? विहारातल्या रविवारच्या बैठकीत यावर बोला. ज्याला आज पडद्यावर बिनचौकशी गोळी घातली जाते, त्याच्या जागी उद्या आपले पोर उभे केले जाऊ शकते. समाजाने वेळीच सावध व्हावे!