आमची पत कोण मोजतो?

सातबारा कोरा, बेबाकी दाखले जोडलेले, जमीन गहाण द्यायची तयारी. तरीही विहिरीचे किंवा घराचे कर्ज नामंजूर. का म्हणून विचारावे तर साहेब संगणकाकडे बोट दाखवतो : 'सिबिल बसत नाही.'

हे सिबिल म्हणजे सरकारी खाते नव्हे, २००० साली निघालेली कंपनी आहे. आज अशा चार कंपन्या आहेत आणि त्यांना २००५ चा कायदा लागू आहे. बँका प्रत्येक खात्याचा हिशेब त्यांना कळवतात आणि त्यावरून ३०० ते ९०० पर्यंत गुण पडतात. हप्ता किती दिवस थकला याचा महिनावार रकाना त्यात असतो. का थकला, याला रकाना नाही. २०१७ साली बोंडअळीने कापूस खाल्ला म्हणून थकलेला आणि कर्ज काढून चैन केली म्हणून थकलेला, यंत्राला दोघे सारखेच!

उलट, मार्चअखेर सावकाराकडून आठ दिवसांसाठी पैसे उचलून बँकेचे कर्ज जुने-नवे करणारा कागदोपत्री उत्तम ऋणको ठरतो. सावकाराचे व्याज कोणत्याच अहवालात उमटत नाही. पैसा नाही म्हणून खरे सांगणारा मात्र थकबाकीदार.

एकरकमी तडजोडीचे तर विचारूच नका. बँक स्वतः बोलावते, काही रक्कम सोडते, खाते बंद करते. अहवालात मात्र 'सेटल्ड' असा शेरा राहतो. पुढच्या कर्जाच्या वेळी त्याचा अर्थ लागतो : याने पूर्ण फेडले नाही. भाव पाडून कर्ज थकवायला लावायचे आणि वर पत गेली म्हणायचे!

बँकेने मागचा व्यवहार पाहूच नये, असे आम्ही म्हणत नाही. सावकारही पाहतो. पण त्याला निदान गावात पाऊस झाला की नाही, हे ठाऊक असते. रिझर्व्ह बँकेलाही हंगाम कळतो. कमी मुदतीच्या पिकाचे कर्ज दोन हंगाम थकल्यावरच अनुत्पादक धरायचे, हा तिचाच नियम आहे. मग गहाण कर्जाच्या छाननीत दुष्काळी वर्षाची थकबाकी वेगळी का काढू नये? पीककर्जाला सिबिल मागू नका, असे मुख्यमंत्र्यांनी मे २०२५ मध्ये बँकांना बजावले. अशी ताकीद शाखेत झिरपेपर्यंत पेरण्या आटोपतात.

तोवर एवढे करा. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो काढा. फेडलेले कर्ज उघडे दिसत असेल, दुसऱ्याचे खाते तुमच्या नावावर चढले असेल, तर बँकेकडे आणि कंपनीकडे लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. कर्जाचा नकार तोंडी घेऊ नका, कारणासह लेखी मागा. जिल्हा बैठकीला येताना अहवाल आणि नकाराचे पत्र, दोन्ही सोबत आणा. तालुकावार गठ्ठे करून अग्रणी बँकेच्या टेबलावर ठेवायचे आहेत.