बरणीला नाव हवंच

एकसारख्या बिननावाच्या बरण्यांचं खूळ मला मुळीच पटत नाही. चायना ग्रासची पूड समुद्री शेवाळाची, जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्याचं. बरणीत दोन्ही पांढरट-पिवळटच. पाकीट फाडून ओतलं की हिरवा ठिपका कचऱ्यात! मग ओळखायचं कशावरून? "आमच्याकडे कुठून येणार जिलेटिन?" नातवंडांच्या केकच्या सामानातून येतं, बाई. मी कॉमर्सवाली, बिलाशिवायचा माल वहीत घेत नाही. ठिपका, ४०६ नंबर, तारीख कापून बरणीवर चिकटवा. झाकण घट्ट, चमचा कोरडा. आणि स्वस्त म्हणून किलोभर कशाला? अर्ध्या लिटर दुधाला चमचाभर पुरते; उरलेली चातुर्मासात ओल धरते, गुठळ्या होतात. लहान पाकीट आणा. बिननावाची पूड माझ्या ओट्यावर चढत नाही.