बेरीज पन्नास, वर्गात मुले चाळीस!

आमगावच्या बाजारात दुकानदार एका गिऱ्हाइकाशी झाडीबोलीत, दुसऱ्याशी पोवारीत आणि तिसऱ्याशी हिंदीत बोलला, तर कुणाला नवल वाटत नाही. लांजीच्या रस्त्याने गेले की मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा, रेल्वेने सालेकसा ओलांडले की पुढे छत्तीसगड. अशा तालुक्यात ‘कोणती भाषा किती जणांना येते’ याचा हिशेब नुसत्या बेरजेने केला, की तो चुकलाच म्हणून समजा.

एक काल्पनिक वर्ग घेऊ. मुले ४०. त्यातल्या २२ जणांना पोवारी येते, २८ जणांना हिंदी. बेरीज झाली ५०. ही जादा १० मुले आली कुठून? कुठूनच नाही. ज्यांना दोन्ही भाषा येतात, त्यांची नावे दोन्ही याद्यांत आहेत. अशी मुले १८ असतील, तर ती एकदा वजा करायची: ५० वजा १८, म्हणजे ३२. आता डोळे मिटून एका मुलाचे नाव काढले, तर त्याला दोनपैकी निदान एक भाषा येत असण्याची संभाव्यता ३२/४०, म्हणजे ८० टक्के. उरलेल्या ८ मुलांना दोन्ही येत नाहीत.

पण हे १८ कळले नसते तर? मग दोन्ही भाषा येणारी मुले कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त २२ असू शकतात. त्यानुसार उत्तर ७० टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंत कुठेही जाते. गाईडमध्ये शोधून हा आकडा सापडत नाही, तो विचारूनच घ्यावा लागतो. इथे अनेक विद्यार्थी गुणाकाराचा आडमार्ग धरतात: २२/४० गुणिले २८/४०, म्हणजे साधारण १५ मुले. दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नसेल, तेव्हाच हा गुणाकार चालतो. भाषा अशा सुट्या नसतात. घरी पोवारी बोलणारे मूल बाजारात हिंदी ऐकतच वाढते.

स्पर्धा परीक्षेत हमखास फसवणारी आणखी एक जागा आहे. पोवारी येणाऱ्या २२ पैकी १८ जणांना हिंदी येते, म्हणजे जवळपास ८२ टक्के. हिंदी येणाऱ्या २८ पैकी पोवारी येणारेही तेच १८, पण टक्केवारी ६४. मुले तीच, भागायचे कशाने ते बदलले.

हा घोळ वर्गापुरता नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २६ टक्के लोकांनी मातृभाषेशिवाय दुसरी भाषा येत असल्याचे सांगितले, तर सुमारे ७ टक्के लोकांनी तिसरीही. यांची बेरीज करून ‘३३ टक्के बहुभाषक’ म्हणणे सरळ चूक आहे, कारण ते ७ टक्के २६ च्या आतलेच आहेत. नेमक्या दोनच भाषा येणारे उरतात सुमारे १९ टक्के.

आमगावसाठी यात जास्त पणाला लागलेले आहे. जनगणनेच्या तक्त्यांत पोवारी हिंदीच्या गटात धरली जाते. मातृभाषा एकच नोंदवता येते. येणाऱ्या इतर भाषा, त्याही दोनच, वेगळ्या लिहिल्या जातात. तीन-चार भाषांत वावरणाऱ्या घराचे खरे चित्र दिसते ते या दुसऱ्या प्रश्नातूनच, आणि तोच घाईत उरकला जातो. ‘मराठी लिहा, पुरे’ म्हटले, की कागदावर दोन्ही गटांतली माणसे शून्य होतात. मग शाळेत पहिलीच्या मुलाशी कोणत्या भाषेत बोलायचे, आरोग्य केंद्रातली सूचना कोणत्या भाषेत लावायची, हे निर्णय त्या शून्यावर बेतले जातात.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख देशाच्या बहुतांश भागासाठी १ मार्च २०२७ आहे, आणि माहिती स्वतः भरण्याची सोयही जाहीर झाली आहे. प्रगणकाने ‘आणखी कोणती भाषा येते?’ हे घरातल्या प्रत्येकाबद्दल वेगळे विचारायला हवे. आजीचे उत्तर नातवाला लागू होत नाही.