पाणी ओसरलं, बाळंतपणाची खोली उघडली का?

राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की त्याची लगेच बातमी होते. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या त्या धरणाचं कौतुक आपल्यालाही आहे. पण भोगावतीकाठच्या, दाजीपूरकडच्या वाड्यांतल्या बाईला त्या बातमीचा अर्थ वेगळा लागतो. नववा महिना लागला असेल तर आता निघायला हवं. कुठं निघायचं, ते मात्र तिला कुणी सांगत नाही.

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यापाशी 55 फुटांची पातळी ओलांडली. तिथं धोक्याची पातळी 43 फूट आहे. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच झालं. दोन्ही वेळी महामार्गसुद्धा बंद पडला, मग गावरस्त्यांचं काय सांगावं! ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ नसला की अडलेल्या बाईला चिठ्ठी देऊन पुढं धाडतात. राधानगरीहून कोल्हापूरचं सीपीआर पन्नासेक किलोमीटरवर. मधला रस्ता पाण्यात असेल तर त्या चिठ्ठीचं तिनं करायचं काय? अशा वेळी दवाखान्याच्या भिंती कोरड्या राहिल्या तरी तिच्यापुरता तो बुडालेलाच असतो.

आणि जिथं पाणी खरोखर आत शिरतं तिथं? 22 जुलै 2021 ला चिपळूणच्या कोविड रुग्णालयात पाणी शिरलं आणि आठ रुग्ण दगावले. वीज, जनरेटर, ऑक्सिजन यांची जागा तळाला असावी की वर, हा प्रश्न तेव्हापासून तरी प्रत्येक नदीकाठच्या दवाखान्यात विचारला जायला हवा होता.

पूर ओसरला की गाळ निघतो, फवारणी होते, लेप्टोच्या गोळ्या वाटतात, बाह्यरुग्ण विभाग उघडतो. लगेच जाहीर होतं, सेवा पूर्ववत! ही कामं नकोत असं कोण म्हणेल? पण पूर्ववत म्हणजे कुठल्या पूर्वीसारखी? रिकाम्या पदांसारखी? बाळंतपणाच्या खोलीत निर्जंतुकीकरणाचं यंत्र चालू झालं का, रात्रपाळीला परिचारिका आहे का, लसींचा फ्रीज गार होतोय का, रक्त कुठून येणार, हे पाहिल्याशिवाय आपण त्या शब्दावर विश्वास ठेवू नये. आमच्या मते खुर्च्या-कपाटं आणि कार्यालयाच्या आधी बाळंतपणाची खोली सुरू झाली पाहिजे.

काही गोष्टी तर पंचनाम्यात येतच नाहीत. घर, जनावर, पीक मोजलं जातं. ‘अंतरा’चं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचं असतं, ते चुकलं तर होणारं नुकसान कुठल्या रकान्यात लिहायचं? गोळ्यांनी गर्भपात करायचा तर नऊ आठवड्यांची मुदत. पाण्यात आठवडा गेला की पुष्कळदा ती वाट बंद होते. हे बाई तलाठ्याला सांगेल? छावणीत तर आडोशाची मोरी मिळाली तरी नशीब.

या सगळ्यात धावते ती आशा. कुणाचे दिवस भरलेत हे तिच्या वहीत असतं, तिचं स्वतःचं घर भिजलेलं असलं तरी. सरकारदरबारी ती आजही ‘स्वयंसेविका’, कामागणिक मोबदल्याची. पुराच्या दिवसांतल्या तिच्या कामाचा हिशोब वेगळा धरून पैसे द्यावेत ही मागणी आपल्या निवेदनात पहिल्या पानावर असावी. शेवटच्या ओळीत ‘तसेच’ म्हणून नको.

मैत्रिणींनो, पावसाळ्यात मोर्चा काढून यातलं थोडंच हाती लागतं. मे महिन्यातल्या ग्रामसभेत उभं राहून विचारा: जुलै-ऑगस्टमध्ये किती जणींची बाळंतपणं आहेत? त्यांना आधीच कुठं नेऊन ठेवणार, सोबत कोण राहणार, तिच्या थोरल्या पोरांना कोण सांभाळणार, मजुरी बुडेल तिचं काय? रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीची तारीख मागा. बैठक झालीच नसेल तर तेही इतिवृत्तात लिहून घ्या.