बांबूची जमीन करायची, तर आधी ओल पाहा

रत्नागिरी जिल्ह्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. नव्या घराचे काम संपत आले आहे. तळमजल्यावर सोलिंग करून मार्चअखेरीस चार इंच काँक्रीट ओतले. मुलगा कुवेतला असतो. अम्मीच्या गुडघ्यांना थंड लादी सोसत नाही, म्हणून हॉलमध्ये आणि दोन खोल्यांत बांबूचे फ्लोअरिंग करायचे, असे त्याने ठरवले आहे. पैसेही पाठवले आहेत. जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलीचा निकाह आहे आणि ठेकेदार म्हणतो, आठ दिवसांत बसवून देतो. पाहुणे यायच्या आत होईल ना, असा त्यांचा प्रश्न आहे.

होईल, पण करू नका. निकाह कोब्यावर सतरंज्या अंथरून होऊ द्या. बांबू पाऊस सरल्यावर बसवा. मुलाच्या कमाईचा पैसा आहे म्हणून हे जरा विस्ताराने सांगते.

काँक्रीट आठवड्याभरात कडक होते, त्यावरून ट्रॉली फिरते, म्हणून आपल्याला ते सुकले असे वाटते. कडक होणे वेगळे आणि सुकणे वेगळे. ओतताना घातलेले बरेचसे पाणी आत राहते आणि हळूहळू वरच्या अंगाने उडून जाते. जाणकारांचा ढोबळ हिशेब असा, की हवा चांगली खेळती असेल तर एक इंच जाडीला साधारण एक महिना. चार इंचांना चार महिने झाले. मार्चपासून मोजले तर जुलै उजाडतो, आणि जुलैत कोकणात काय सुकते? कपडे सुकत नाहीत, तिथे काँक्रीट कुठून सुकणार! हवाच ओलीचिंब असली की जमिनीतले पाणी बाहेर निघायला तयार नसते.

तळमजल्याचे दुसरे दुखणे याहून चिवट आहे. काँक्रीटला बारीक छिद्रे असतात आणि दिवा जसा वातीतून तेल ओढतो, तसे ते खालच्या मातीतले पाणी वर ओढते. ओतण्यापूर्वी खाली जाड प्लास्टिक अंथरले असेल तर ही वाट बंद होते. गवंड्याला आजच विचारा, अंथरले होते का? नसेल, तर चार महिने काय, चार वर्षे थांबलात तरी दर पावसाळ्यात ओल येत राहील. मग वरून ओल अडवणारा इपॉक्सीचा लेप द्यावा लागेल. तो खर्च बांबूच्या आधी धरा. वरच्या मजल्याची गोष्ट सोपी आहे. तिथला स्लॅब दोन्ही अंगांनी सुकतो आणि खाली माती नसते.

ओल तपासायची घरगुती रीत आहे. दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर ठेवा, चारही कडा टेपने घट्ट चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी उचला. खालच्या बाजूला थेंब दिसले किंवा काँक्रीट काळपट झाले, तर जमीन ओली. एकाच जागी नको. मोरीच्या भिंतीजवळ, बाहेरच्या भिंतीजवळ, खोलीच्या मध्यभागी अशा तीन-चार ठिकाणी करा. थेंब दिसले नाहीत म्हणून लगेच खूश मात्र होऊ नका. हे फक्त वरच्या थराचे सांगते. पक्की परीक्षा म्हणजे चार इंचांच्या थरात सुमारे दीड इंच खोल भोक पाडून त्यात आर्द्रता मोजणारे यंत्र बसवणे. साधारण ७५ टक्क्यांच्या वर आकडा आला तर थांबायचे. बांबूच्या खोक्यावर कंपनीने मर्यादा छापलेली असते, ती याहून कमी असेल तर तीच खरी.

एवढी काळजी कशाला? कारण बांबू हे गवत आहे. कितीही दाबले, चिकटवले, पॉलिश केले तरी ते पाणी पिते आणि फुगते. फळ्यांना जागा मिळाली नाही की त्या एकमेकींना रेटतात आणि मधेच उंचवटा येतो. तंतू दाबून केलेला स्ट्रँड बांबू फार कठीण असतो, टाच आपटली तरी खड्डा पडत नाही. पण फुगतो तोही, फक्त सावकाश. गडद तपकिरी रंग हवा असेल तर एक ध्यानात ठेवा. साध्या पट्ट्यांच्या बांबूला तो रंग वाफेच्या तापाने आणतात आणि त्यात तो थोडा मऊ होतो.

जमीन सुकली की पुढचे काम खरोखर आठ दिवसांचेच. खोकी खोलीत आडवी ठेवून फळ्यांना हवेची सवय होऊ द्या. निदान तीन दिवस, स्ट्रँड बांबूला त्याहून बरेच जास्त. दोन मीटरची सरळ पट्टी फिरवून पाहा, खाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर उंचवटे घासून घ्या, खळगे भरून घ्या. मग २०० मायक्रॉनचे प्लास्टिक, जोडावर वीतभर एकावर एक, टेप लावून, कडा भिंतीवर थोड्या चढवून. त्यावर फोम आणि त्यावर एकमेकींत अडकणाऱ्या फळ्या, खाली गोंद न लावता. पुढे एखादी फळी बिघडली तर काढता येते. भिंत, खांब, चौकट सगळीकडे दहा-बारा मिलिमीटर जागा मोकळी सोडायला लावा. सुताराला ती फट अडाणीपणाची वाटते आणि तो मुकाट्याने भरून टाकतो, म्हणून समोर उभे राहा. स्कर्टिंग भिंतीला ठोकायचे, फळीला नाही. भिंतीला खिळवलेले जड कपाटही या फळ्यांवर नको, ते आधी जमिनीवर बसवा.

मोरीत, स्वयंपाकघरात बांबू नकोच. वजू करून माणसे ओल्या पायांनी बाहेर येतात, तेव्हा मोरीच्या दाराबाहेर हात-दोन हात लादी ठेवा आणि तिथे जाड पायपुसणे टाका. दस्तरखानावर सालन सांडले तर घाबरू नका, लगेच पुसले की झाले. मात्र लादीसारखी बादलीभर पाण्याने पुसायची सवय सोडावी लागेल. फडका घट्ट पिळूनच घ्या. वाळवीचे औषध काँक्रीटच्या आधी मातीत मारले नसेल, तर आता तरी जाणकाराला बोलवा.

आणि एक खोके जास्तीचे मागवून कोरड्या जागी ठेवा. पुढच्या मालाचा रंग जुळेलच असे नाही.